गणपतरावांच्या जीपला कोणता टायर?

टायरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. मागच्या अंगणात जुने टायर आणि पुढच्या बाकावर किस्से. दोन्ही कुणी विकत घेत नाही, दोन्ही फेकवत नाहीत, आणि पावसाळ्यात आत काय वळवळतंय ते वाकून बघायची हिंमत होत नाही!

माझं दुकान अकोल्याला, मोटार स्टँडच्या मागं. बाकावरचे कायमचे मेंबर दोन. एक बाळाभाऊ मिस्त्री, अमरावतीच्या गॅरेजात हात काळे करून इकडे आलेले. दुसरा सुखदेव ड्रायव्हर, पलटणीत ट्रक हाकून आलेला. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. माझा विश्वास हवेवर, तीही गेज लावून मोजलेल्या. तरी पुढचे किस्से सांगताना माझे हात गार पडतात, त्याला मी काय करू? वयाचा दोष समजा.

०

पन्नास-साठच्या त्या काळात लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा वऱ्हाडात आल्या. या जीपला नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा असे. तो ओढला की मागच्यांसोबत पुढची चाकंही ओढायला लागत. आमच्या मुलखात याचं केवढं अप्रूप! पावसाळ्यात आमची काळी माती चप्पल ठेवून घेते आणि माणसाला पुढं जाऊ देते, एवढीच तिची मेहेरबानी.

मग प्रश्न यायचा टायरचा. जीपचं मूळ माप सहाशे-सोळा, म्हणजे सहा इंच रुंद आणि आतली रिंग सोळा इंची. त्याच रिंगवर सातशे-सोळाही बसे, जास्त रुंद आणि जास्त उंच. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरावर पाय टेकतो, रुंद टायर चिखलावर बसून चालतो. यातला कोणता चांगला, यावरून माझ्या बाकावर जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झाली नसतील.

बाळाभाऊंचा मात्र एकच कायदा. "कोन्तंबी माप घ्या, पन चारी सारखे घ्या. एका जुवाले एक बैल उंच अन् एक बुटका, असं चालते का?"

०

हा कायदा मोडला की काय होतं, ते बाळाभाऊंनी तिवस्याच्या अलीकडे पाहिलं होतं.

एका कंत्राटदारानं मागं नवे सातशे घातले आणि पुढं जुने झिजलेले सहाशे तसेच ठेवले. वर नवीन जीपचा शौक, म्हणून नागपूरच्या पक्क्या सडकेवरसुद्धा आखूड दांडा ओढून चालला. भर उन्हाळ्याची दुपार, सडकेवर चिटपाखरू नाही. जीप कण्हायला लागली! बाई कण्हते तसा आवाज. मग थरथरून जागच्या जागी उभी राहिली. दांडा सुटेना, गाडी हलेना. कंत्राटदार उडी मारून कडुलिंबाखाली गेला आणि त्यानं गावातून देवऋषी बोलावला.

देवऋषी म्हणाला, "हिच्यात लढाईत मेलेला गोरा बसला हाय."

तेवढ्यात अमरावतीहून बाळाभाऊ पोचले. कुणाशी न बोलता त्यांनी एका चाकाखाली जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, आणि खाडकन आपोआप फिरलं! इंजिन बंद, गाडीत कुणी नाही, आणि चाक फिरलं. देवऋषी सगळ्यात आधी पळाला.

कारण साधं होतं. पुढचं लहान चाक जास्त वेळा फिरू बघतं, मागचं मोठं कमी. आतले दांडे पीळ घातलेल्या दोरासारखे ताणले जातात आणि चाक उचललं की तो पीळ सुटतो. बाळाभाऊंनी ते समजावून सांगितलं. कंत्राटदारानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हंजे गोरा गेला ना?"

"गेला," बाळाभाऊ म्हणाले. "पन टायर बदलले नाई तर परत येईन!"

०

आता गणपतराव. तेल्हाऱ्याच्या पलीकडे, नाल्यापल्याड त्यांचं गाव. जमीन चांगली, बोलणं कमी. जीप घेऊन दुकानी आले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"माही बायको बैलाच्या बंडीत गेली, नाल्यावर. दुसऱ्या खेपेची अडली होती, दवाखान्यात नेत होतो, बंडी फसली. माही लेक कमळ तवा परकरात होती. आता तिचं पयलं बाळंतपन माह्या घरी हाय, ऐन पावसाळ्यात. गाडी फसली नाई पायजे. बस, दुसरं मले काई नाई पायजे."

मी चहा मागवला. गणपतरावांनी तो घेतला नाही.

टायरचं माप मात्र त्यांनी स्वतःच ठरवून आणलं होतं. डाव्या बाजूला दोन्ही सातशे, उजव्या बाजूला दोन्ही सहाशे! बाळाभाऊंना ठसका लागला. गणपतरावांचा हिशेब असा की नाल्याच्या वाटेवर डावीकडची चाकोरी खोल आहे, बंडीचं डावं चाक तिथंच बसलं होतं, तेव्हा डावीकडे उंच टायर घातला की गाडी सरळ. शेतकऱ्याचं डोकं! चूक अशी की ऐकणाऱ्याला क्षणभर पटावी.

"गनपतराव, एक चाक मोठं अन् एक लहान असलेली बंडी लोटून पाहा," बाळाभाऊ म्हणाले. "ते सरळ नाई जानार, लहान चाकाकडं वळन."

"वळू द्या. माहा ड्रायव्हर सरळ करन."

ड्रायव्हर म्हणजे आमचा सुखदेव. त्यांनी त्याला कामावर ठेवला होता.

०

जीप गावी पोचवायला गणपतराव आणि सुखदेवसोबत मीही गेलो. नाला ओलांडल्यावर गणपतरावांनी गाडी वळवून दवाखान्याच्या दिशेनं एकदा चालवून बघायला लावली; गावाकडून येताना नाल्याच्या अलीकडे वाटेला फाटा फुटतो. डावीकडची वाट जवळची, सगळ्यांची वापरातली. उजवीकडची जुनी, लांबून उतारानं जाणारी, बाभळींत हरवलेली. फाट्यावर जीपनं मुकाट्यानं उजवीकडे तोंड फिरवलं. सुखदेवनं स्टिअरिंग ओढून डावीकडे घेतली. टायर लहानमोठे, वळणारच, मला त्यात काही नवल वाटलं नाही. गणपतरावांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

घरापुढं जीप उभी राहिली तशी शेजारची सोनाबाई तांब्याभर पाणी घेऊन आली. आमच्याकडे बैल लांबून आले की घरच्या बाईनं त्यांच्या पायांवर पाणी ओतायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा, मगच त्यांना गोठ्यात न्यायचं. घरात बाई नाही, म्हणून बिचारी शेजारधर्मानं आली. ती चाकावर पाणी घालणार, तेवढ्यात गणपतराव ओरडले, "ने ते पानी! बैल हायत का हे?"

तिनं ओट्यावर येऊन मला हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, त्या दिशी बैल उजवीकडं ओढत होते. जनावराले वाट ठाऊक राह्यते. मालकानं आसूड मारून डावीकडं घातले, जवळ पडन म्हनून. बंडी फसली अन् यशोदा गेली. राग काहाडला बैलावर. पुढल्याच बाजारात जोडी खाटकाले देल्ली. त्या जोडीतल्या बांड्याच्या खुराची एक फाक तुटेल होती, तरी मरमर ओढायचा. तेव्हापासून घरात बैल नाई, पोळा नाई."

मी गोठ्याकडे पाहिलं. बैलांच्या दावणीपाशी सुखदेव जीप लावत होता.

०

आठवड्यातच जीप दुकानी परत आली. उजवीकडे वळते म्हणून सुखदेवचे खांदे भरून आले होते. बाळाभाऊ खूश! त्यांनी उजवे सहाशे काढून तिथंही सातशे चढवले. चारी सारखे, नवेकोरे, हवा गेजनं मोजून.

नवा टायर चढवला की चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घ्यायची, ही सगळ्या मोटारवाल्यांची रीत. सुखदेवला ती बिलकुल खपत नसे. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यानं लिंबू, नारळ, उतारे सगळं सोडलं होतं. चाकाखालचं लिंबू तो उचलून आणी आणि आम्हाला सरबत पाजी. "भुतापेक्षा उन्हाळा वाईट," म्हणे. आमचे कित्येक उन्हाळे त्याच्या पुरोगामीपणावर थंड गेले!

पण त्या दिवशी गणपतरावांनी हात जोडले. "एवढ्या येळेस, सुखदेव. माह्या लेकीसाठी." मालकाचं मन कसं मोडायचं? सुखदेव बसला, गाडी घेतली. पुढचं उजवं चाक लिंबावरून गेलं, मागचंही गेलं. आम्ही वाकून पाहिलं तर लिंबू जसंच्या तसं, साल उललेली नाही की रसाचा थेंब नाही.

सुखदेव हसला. "टायरच्या खाचेत बसलं असन. एवढ्या मोठ्या खाचा, टरबूजबी मावन!"

बाळाभाऊंनी लिंबू उचललं आणि खाचेत बसवायला गेले. बसेना. आडवं केलं, उभं केलं. खाच लिंबाच्या निम्मीसुद्धा नव्हती.

सुखदेवनं ते लिंबू घेऊन खिशात घातलं. त्या दिवशी सरबत झालं नाही.

०

चारी टायर सारखे झाले तरी फाट्यावर गाडी उजवीकडेच जाते, असा सुखदेवचा निरोप आला. बाळाभाऊंच्या इभ्रतीचाच प्रश्न! आम्ही दोघं गेलो. भर दुपारी, मोकळ्या माळावर बाळाभाऊंनी सुखदेवला स्टिअरिंग सोडायला सांगितलं. जीप सुतात धरल्यासारखी सरळ गेली. उलट्या दिशेनं आणली, तरी सरळ. पुढची चाकं तपासली, खालचे स्प्रिंगचे पाटे तपासले, कुठं काही नाही.

मग गावाकडून फाट्यावर आणली आणि सुखदेवनं हात सोडले. जीपनं सावकाश उजवीकडे मान वळवली. मान म्हणतो, कारण तिथं मला दुसरा शब्द सुचला नव्हता.

"रस्त्याले उतार हाय," सुखदेव म्हणाला.

बाळाभाऊंनी डब्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं. पाणी डावीकडे वाहत गेलं.

बाळाभाऊ खाकरले आणि म्हणाले, "सुखदेव, तू हात सोडत नको जाऊ."

०

त्याच दिवशीची आणखी एक गंमत. गंमत म्हणजे तेव्हा हसलो म्हणून गंमत.

गणपतरावांच्या गोठ्यात एक म्हातारी गाय होती, दात पडलेली, नजर गेलेली. आम्ही जेवून ओट्यावर टेकलो होतो. ती गाय दावं सोडवून जीपपुढं आली आणि बंपरच्या पुढची हवा चाटायला लागली! लोखंडाला जीभ लागत नव्हती, टायरला लागत नव्हती. बंपरपासून हातभर पुढं, तिच्या तोंडाच्या उंचीवर, ती चाटत होती. हळूहळू, वरून खाली.

"दिसत नाई बिचारीले," बाळाभाऊ म्हणाले. "तिले वाटलं वासरू हाय!" आम्ही हसलो.

सोनाबाई हसली नाही. "बांड्याची माय हाय ते," म्हणाली आणि गाईला धरून आत घेऊन गेली.

त्या दिवशी परत येताना बाळाभाऊ वाटेत टायरविषयी एक अक्षर बोलले नाहीत. हा माणूस स्वतःच्या लग्नातही टायरविषयी बोलला होता.

०

आणि आता तो पावसाळा.

कमळ माहेरी आलेली. झड लागली होती, आमच्याकडे झड लागली की आभाळ जमिनीला टेकतं. मी आणि बाळाभाऊ एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी तेल्हाऱ्याला गेलो होतो. दुपारी दवाखान्यापुढून जातो तर गणपतरावांची जीप उभी! चिखलानं इतकी माखलेली की नंबर दिसेना. सुखदेव पायरीवर बसून बिडी ओढत होता. सुखदेव बिडी ओढत नसे.

"कमळ?" मी विचारलं.

"पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायत."

मी दारातून आत गेलो. आत गणपतराव भिंतीला पाठ लावून उभे होते, नातीकडे बघत, आणि डोळे पुसायचंसुद्धा त्यांना भान नव्हतं. मी कधी त्यांना असं पाहिलं नव्हतं. बाहेर आलो तर बाळाभाऊ सुखदेवला खोदून विचारत होते. शेवटी मिस्त्रीच तो!

"कोन्त्या वाटेनं आला?"

"सकाळी निंघालो. कमळबाई मांघं कन्हून राहिली होती, सोनाबाईनं तिले धरलं होतं. फाट्यावर गाडीनं उजवीकडं तोंड केलं. मी डावीकडं ओढलं. गाडी आयके ना. तवा मालक बोलले, 'जाऊ दे. तिले जिकडं जायाचं तिकडं जाऊ दे.' मी हात सैल केले."

"मंग?"

"जुन्या उतारानं नाल्यात घातली. मधातच पानी शिरलं अन् इंजिन बंद पडलं."

"अन्?"

"अन् काई नाई. गाडी चालली."

"चारी चाकं लावली होती?" बाळाभाऊंनी विचारलं. "आखूड दांडा ओढला होता?"

"बाळाभाऊ, इंजिन बंद होतं! मी सांगून राहिलो ना!"

"उतार असन."

"चढ होता," सुखदेव म्हणाला. "वर पक्क्या सडकेवर आली अन् थांबली. मी सेल्फ मारला, पयल्याच धक्क्यात सुरू झाली."

बाळाभाऊंनी टायरच्या खाचेतला चिखल बोटानं खरवडला. "इंजिन बंद असल्यावर कोन्ता टायर लावाचा," ते म्हणाले, "ते मले कोनी शिकोलं नाई."

०

जीप नाला चढून वर आली तेव्हाच पाऊस थांबला होता, दुसऱ्या दिवशीही उघडीप होती. कमळचे कपडे आणायला गणपतराव गावी निघाले, सोबत आम्ही दोघं. जीप सुखदेवच चालवत होता. नाल्यापाशी आलो आणि त्यानं न विचारता जीप थांबवली.

पलीकडे ती गावाकडून डावीकडे फुटणारी जवळची वाट नव्हतीच. नाल्यानं काठ कापून नेला होता, चाकोऱ्यांच्या जागी गढूळ पाणी वाहत होतं. आदल्या दिवशी त्या वाटेनं घातली असती तर काय झालं असतं, ते चौघांनाही एकाच वेळी कळलं.

अलीकडच्या चढावर, जुन्या उताराच्या काळ्या मातीत, आमच्या टायरचे ठसे होते. सातशे-सोळा, खाचन् खाच स्वच्छ उमटलेली. बाळाभाऊ उकिडवे बसले. "चाक कुठंच जाग्यावर फिरेल नाई," ते पुटपुटले. "ही गाडी चढली नाई. ही कोनी तरी ओढली."

आणि मग ते खुर दिसले.

दोन्ही ठशांच्या मधोमध, जोडीनं चाललेल्या दोन बैलांचे खुर. खोल रुतलेले, भार ओढताना रुततात तसे. जिथं ते चाकोरीत आले होते, तिथं टायर त्यांच्यावरून गेला होता. म्हणजे बैल पुढं, गाडी मागं. पाण्याच्या काठापासून खुर सुरू होत होते आणि पक्क्या सडकेच्या गिट्टीवर संपत होते. सोबत माणसाचं पाऊल एकही नव्हतं.

उजव्या बैलाच्या एका खुराची एक फाक तुटकी होती. प्रत्येक वेळी, तोच पाय, तीच फाक.

"कोनाचे तरी बैल गेले असतील," सुखदेव म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

गणपतरावांनी पायातल्या वहाणा काढल्या. खुरांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं, अनवाणी, ते पाण्यापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. मग गाडीत बसले. "चाल," एवढंच म्हणाले.

जुन्या वाटेनं नाला ओलांडून गावात आलो. घरापुढं जीप उभी राहिली. गोठ्यातून ती म्हातारी गाय हंबरली. गणपतराव उतरले, कुणाकडे न बघता आत गेले आणि बाहेर आले ते एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्यात कालची भाकरी घेऊन. घरात बाई नव्हती, आणि शेजारी हाक मारायला सोनाबाईही नव्हती, ती कमळजवळ होती.

ते चाकांपाशी थांबले नाहीत. पुढं आले आणि बंपरच्या समोर रिकाम्या जमिनीवर वाकून पाणी ओतायला लागले. आधी डावीकडे, मग उजवीकडे. बंपर त्यांच्या पाठीला लागत होता, नीट वाकता येत नव्हतं.

सुखदेव अजून स्टिअरिंगवरच होता. त्यानं काचेतून पाहिलं. मग हळूच मागचा गिअर टाकला आणि जीप एक बैल उभा राहील एवढी मागं घेतली.